दुधाला नियम, मग शेणाला का नको?

मामाच्या घरामागे गोबरगॅसची टाकी आहे. सकाळचा चहा त्याच गॅसवर होतो आणि टाकीतून बाहेर येणारी स्लरी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जाते. सिलिंडरचा खर्च कमी, युरियाही कमी. एकदम भारी! पण दिवाळीत गेले तेव्हा एका गायीला कासदाह झाला होता. अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू होती, म्हणून तिचं दूध डेअरीला जात नव्हतं. शेण मात्र रोजच्यासारखं टाकीत जात होतं.

गोम इथेच आहे. जनावराला दिलेल्या अँटिबायोटिकचा काही भाग शेण-मूत्रातून जसाच्या तसा बाहेर पडतो. औषधाने कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात. हे चिवट जिवाणू औषधाला चकवण्याची युक्ती प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांमधून शेजारच्या जिवाणूंनाही देतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण नोट्स फॉरवर्ड करतो ना, अगदी तसं!

टाकीत हे सगळे मरत नाहीत का? बरेच मरतात, सगळे नाही. काही मोठे प्रकल्प ५० ते ५५ अंशांवर चालतात, तिथे रोगजंतू जास्त मरतात. घरची टाकी मात्र बाहेरच्या हवामानावर चालते. उरलेले जिवाणू स्लरीतून मातीत आणि मातीतून पालेभाजीपर्यंत पोहोचू शकतात.

२०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले, असा 'लॅन्सेट'मधला अंदाज सांगतो. त्याच वर्षी आपल्या सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. म्हणजे गोठा आणि दवाखाना यांचं नातं सरकारलाही मान्य आहे.

मग स्लरी का तपासू नये? मायक्रोबायॉलॉजीच्या कुठल्याही मित्राला विचारा. स्लरीतले जिवाणू वेगळे करायचे, पेट्री डिशमध्ये पसरायचे, वर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि डिश रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसलं, तर त्याची रुंदी तक्त्याशी ताडून पाहायची. वर्तुळच नाही? म्हणजे ते औषध तिथे निकामी. दरवर्षी त्याच त्या विषयांवर प्रोजेक्ट करण्यापेक्षा सरांच्या देखरेखीखाली आसपासच्या गावांतली स्लरी तपासली, तर मार्कही मिळतील आणि गावाला माहितीही.

गोबरगॅस हवाच. पण स्लरीत नत्र, स्फुरद, पालाश किती हे विचारतो, तसं जिवाणू कोणते हेही विचारायला हवं. तोवर उपचार चालू असलेल्या जनावराचं शेण वेगळ्या खड्ड्यात टाका, कच्च्या खायच्या भाजीवर स्लरी ओतू नका आणि इंजेक्शन डॉक्टरांना विचारूनच द्या.

मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "दूध परत येतं म्हणून आम्ही घालत नाही. शेण कोण परत पाठवणार?"

खरंय. म्हणूनच कुणीतरी तपासायला हवं. सुरुवात आपल्या कॉलेजच्या लॅबपासून करूया?