बुद्धिबळाच्या पटावर दोन फासे



चातुर्मासात आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपतात. ओटा पुसून झाला की पुढे लांबच लांब संध्याकाळ उरते. बाहेर मुलुंडचा पाऊस, मुलांना खाली खेळायला सोडता येत नाही. म्हणून मी टीव्ही बंद करते, हॉलमध्ये चटई अंथरते आणि बुद्धिबळाचा पट काढते.

गेल्या वर्षी एक अडचण आली. नातू अकरा वर्षांचा, दोन वर्षं बुद्धिबळाच्या क्लासला जातो. नात आठ वर्षांची, भावाचं बघून बघून शिकलेली. रोज तोच जिंकायचा, आणि तेही दहा-बारा चालींत. पाचव्या की सहाव्या दिवशी मी पट मांडायला लागले तर ती म्हणाली, "आजी, मी नाही खेळत. काय होणार ते मला आधीच माहीत आहे."

आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य मला बरं वाटलं नाही. रात्रभर ते डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाच रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी लुडोचा एक फासा आणि डब्यांवर लावायच्या चिकटपट्ट्या आणल्या. फाशाच्या सहा बाजूंवर अक्षरं चिकटवली: प्यादं, घोडा, उंट, हत्ती, वजीर, राजा. नियम सोपा. फासा टाकायचा, जे येईल तेच हलवायचं. नाही हलवता आलं तर डाव पुढच्याचा.

पहिला प्रयोग पार फसला. बुद्धिबळ मांडलं की सुरुवातीला प्यादी आणि घोडे एवढेच हलू शकतात, बाकी सगळे मागे अडकलेले. म्हणजे सहांपैकी चार दानं फुकट. दोघंही नुसता फासा टाकत बसली, पट जागचा हलेना. दहा मिनिटांत दोघांनी एकमताने मला नापास केलं.

मी बी.कॉम. केलं त्याला चाळीस वर्षांच्या वर झाली, पण संख्याशास्त्राचा पेपर माझ्या आवडीचा होता. किराणा हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडलं. प्यादी आठ, म्हणून त्यांना फाशाच्या दोन बाजू दिल्या. घोडा, उंट, हत्ती यांना एकेक. राजा आणि वजीर यांना मिळून एक बाजू, जो हवा तो हलवा. आता पहिल्या चालीला सहांतली तीन दानं उपयोगाची, म्हणजे निम्मी. मग दुसरा फासा आणून तसाच केला. दोन्ही एकदम टाकायचे आणि त्यातलं एक दान आपण निवडायचं. दोन्ही फुकट जाण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. चारांत तीनदा काहीतरी हलवता येतंच. शह आणि मात हा प्रकार काढून टाकला, कारण शह बसला आणि हवं ते दान आलं नाही तर करणार काय? राजा मारला की डाव संपला.

त्या संध्याकाळी तीन डाव झाले. नात एक जिंकली.

मला वाटलं होतं आपण काहीतरी नवीन काढलं. आमच्या ह्यांनी पुस्तकं काढून माझा फुगा फोडला. साधारण १०३० च्या सुमारास अल् बिरुनीने हिंदुस्थानाबद्दल लिहिलेल्या ग्रंथात चार जणांनी खेळायच्या बुद्धिबळाचं वर्णन आहे, आणि त्यात कोणता मोहरा हलवायचा ते फासे ठरवतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे लोक हेच करत होते. बुद्धिबळ म्हणजे फक्त बुद्धी, नशिबाला तिथे जागा नाही, असं आपण समजतो. पण फासा त्या पटावर पूर्वीही येऊन गेलेला आहे.

उलटी गोष्ट सारीपाटाची. आपल्या आज्या कवड्या टाकून सोंगट्या हलवायच्या. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये त्याच पटाचा लुडो झाला, तेव्हा कवड्या गेल्या आणि चौकोनी फासा आला. वरवर पाहता साधन बदललं एवढंच. पण वहीत मांडून पाहा. फाशावर एकपासून सहापर्यंत प्रत्येक आकडा सारखाच येतो, सहांत एकदा. कवड्यांचं तसं नाही. कवडी नाण्यासारखी दोन्हीकडे सारखी पडते असं धरलं, तर सहा कवड्यांच्या ६४ शक्यतांपैकी तीन उताण्या पडण्याच्या २० असतात आणि सहाच्या सहा उताण्या पडण्याची एकच. म्हणजे मधलं दान पुन्हा पुन्हा, मोठं दान क्वचित. मला विचाराल तर संसारातलं नशीब कवड्यांसारखंच चालतं.

आपल्या घरातला पट तर आपण विसरूनच गेलो. ज्ञानबाजी. आमच्या शेजारच्या कच्छी बांनी लहानपणी त्यांच्या घरी पाहिलेल्या पटाचं वर्णन मला सांगितलं आहे. जैन पटांवर बहुधा ८४ घरं, प्रत्येक घराला नाव, गुणाच्या घरातून वर शिडी, दोषाच्या घरातून खाली साप, आणि सगळ्यांच्या वर मोक्ष. दान कवड्यांचं. हाच खेळ विलायतेला गेला, तिथे घरांची नावं हळूहळू पुसली गेली आणि सापशिडी म्हणून तो आपल्याकडे परत आला. आता मुलं साप चावला की रडतात, पण तो कोणत्या दोषाचा साप होता हे पटावर लिहिलेलंच नसतं.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते घरातूनच आले.

पहिला माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. त्या राहायला आल्या होत्या. फासे बघितल्याबरोबर म्हणाल्या, "अगं, सप्तव्यसनांत पहिलं नाव द्यूताचं. आणि तू चातुर्मासात घरात फासे आणलेस?" त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पांडवांचं द्यूत आपल्या हरिवंशपुराणातही आहे, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण मला वाटतं, द्यूत पणात असतं. काहीतरी लावायचं, हरल्यावर भरून काढायला आणखी लावायचं, ती हाव म्हणजे व्यसन. फासा नुसता फासा असेल तर तो हिशेबातल्या आकड्यासारखा आहे. उलट, ज्या पत्त्यांच्या पार्टीत "दहा-दहा रुपयांनी काय होतं" म्हणून आपण बसतो, तिथे फासा नसूनही द्यूत आहे. तरी जाऊबाईंचा मान ठेवून दोन नियम केले. पटावर पैसा, चॉकलेट, पैज काहीही लावायचं नाही. आणि दशलक्षण पर्वाचे दहा दिवस फासे डब्यात बंद. खेळात राग आणि अहंकार चढतोच, तेवढे दिवस तरी तो नको.

दुसरा आक्षेप नातवाचा. "आजी, हे बुद्धिबळच नाही. यात चांगला खेळणारा हरतो." त्याचंही खरं आहे. बुद्धिबळाचा मान याच्यातच आहे की तिथे कुणाला दान पडत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, ते फाशावर झालं नाही. स्पर्धेत फासे आणा असं मी म्हणतच नाही.

त्याच्यासाठी मी दुसरी युक्ती काढली. तीही माझी नाही, बॉबी फिशरची, त्याने १९९६ मध्ये जाहीर केलेली. प्यादी नेहमीच्या जागी, पण मागच्या ओळीतले आठ मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडायचे, दोघांचे सारखेच. आम्ही हळदीकुंकवातल्या एका पिशवीतून मोहरे काढतो. अटी दोन: एक उंट काळ्या घरात आणि एक पांढऱ्यात, आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी. नसेल जमत तर पुन्हा काढायचं. किती मांडण्या होतात ते मी नातवाला वहीत करून दाखवलं. एका उंटाला चार जागा, दुसऱ्याला चार, झाले १६. वजिराला उरलेल्या सहा. दोन घोड्यांना पाच घरांत १० प्रकारे बसवता येतं. उरलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती, एकच प्रकार. १६ गुणिले ६ गुणिले १० म्हणजे ९६०. पाठ केलेल्या सुरुवाती तिथे चालत नाहीत, पहिल्या चालीपासून डोकं लावावं लागतं. नातवाला हे पटलं. नातीला मात्र फासेच हवेत, कारण पिशवीच्या खेळातही शेवटी भाऊच जिंकतो.

मग एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. नातीला मनासारखी दानं पडली, तिने घोड्याने त्याचा राजा मारला. नातवाने फासे चटईवर आपटले. "ती नाही जिंकली, फासा जिंकला!"

मी त्याला जवळ घेतलं आणि विचारलं, "तू जिंकतोस तेव्हा एकटा तूच जिंकतोस का रे?" तो म्हणाला, "हो, मी अभ्यास करतो." म्हटलं, करतोस, खरंच करतोस. पण क्लास कोण भरतं? शनिवारी नेऊन कोण सोडतं? हिला का नाही सोडत?

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तरी कुठे होतं?

मैत्रिणींनो, माझं माहेर सांगलीचं. सांगली हे भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे बुद्धिबळाचं गाव म्हणून ओळखलं जातं. आमच्या घरी वडील आणि भाऊ रोज पट मांडायचे. भावाला खेळायला बाहेर पाठवलं जायचं. मी चहा नेऊन द्यायची आणि कप उचलेपर्यंत उभ्या उभ्या डाव बघायची. कुणी मला अडवलं असं नाही, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याच काळात मुंबईच्या खाडिलकर भगिनी खेळत होत्या. वासंती खाडिलकर १९७४ मध्ये महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. पुढे आमच्या सांगलीशी नाव जोडलं गेलेल्या, माझ्याच वयाच्या भाग्यश्री साठे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. मी त्यांच्यासारखी खेळले असते असं मी म्हणणार नाही. पण मला पटावर बसायलाच मिळालं नाही. तो फासा कुणीतरी माझ्या जन्माआधीच टाकला होता.

आपल्याकडे कोणत्याही कार्याला पाच कारणं सांगितली आहेत: काळ, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. प्रवचनात आपण माना डोलावतो. पण घरी मुलगा पहिला आला की सगळं श्रेय त्याच्या पुरुषार्थाला, आणि सून कुठे कमी पडली की तिचं कर्म. पाचांतलं सोयीचं तेवढं उचलायचं. दोन फाशांच्या या खेळात मला एक गोष्ट आवडली. दान आपल्या हातात नाही, पण दोनांतलं एक निवडणं आहे. नशीब आणि अक्कल दोन्ही एकाच चालीत दिसतात. जिंकणाऱ्याला थोडं नमतं घ्यावं लागतं आणि हरणारं मूल उद्या परत पटावर बसतं.

त्या रात्री मी मुलाला विचारलं, "हिला का नाही घातलं क्लासला?" तो म्हणाला, "आई, तिने कधी मागितलंच नाही."

म्हटलं, "मीही कधी मागितलं नव्हतं."

तो काही बोलला नाही. पण पुढच्या शनिवारी गाडीत दोघं होती.

तेव्हा माझं मत सांगते. स्पर्धेचं बुद्धिबळ स्पर्धेत असू दे. घरच्या पटावर मात्र फाशाला जागा द्या, जिथे एक ताकदवान आणि एक कच्चं असं जोडपं बसतं तिथे तर नक्की. दोन फासे, चार चिकटपट्ट्या, बस्स. आणि खेळ चालू असताना एकदा आजूबाजूला बघा, पटाशी कोण बसलं आहे आणि चहाचे कप घेऊन उभं कोण आहे.

कपवालीलाही बसवा. चहा थोडा उशिरा झाला तरी चालेल.