तहानलेला टोमॅटो

कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपाला दोन दिवस पाणी घातलं नाही, तर ते मान टाकतं. पण लगेच मरत नाही. असं का बरं?

पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. ती पर्णरंध्रं. त्यांतून हवा आत येते अन् पाण्याची वाफ बाहेर जाते. माती कोरडी पडू लागली, की रोपात अॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते जणू हुकूमच सोडतं, 'दारं लावून घ्या!' रंध्रं मिटतात, पाणी वाचतं.

शास्त्रज्ञांकडे 'सिटिअन्स' नावाचा एक टोमॅटो आहे. लॅटिन भाषेत याचा अर्थ तहानलेला! त्याच्या एका जनुकात बिघाड असल्यानं हे संप्रेरक पुरेसं तयार होत नाही. म्हणून माती ओली असली, तरी पानं कोमेजतात. संप्रेरक बाहेरून फवारलं, की स्वारी पुन्हा टवटवीत!

दुष्काळात तगायला मात्र एक जनुक पुरत नाही, अनेक लागतात. पेरू देशातल्या कोरड्या भागातली 'सोलॅनम पेनेली' ही रानटी जात कमी पाण्यावर तग धरते. तिची फळं छोटी, पिकली तरी हिरवीच. पण तिचे गुण संकरानं आपल्या टोमॅटोत आणता येतात. चार्ल्स रिक (१९१५–२००२) या शास्त्रज्ञांनी अशा रानटी जातींचं बी दक्षिण अमेरिकेत हिंडून गोळा केलं, जपलं. ते बी नष्ट झालं, तर हे गुण कुठून आणणार?

आता सांगा पाहू, रोपानं दारं कायमचीच लावून घेतली, तर काय होईल?