शेती हे ‘दुसरे उत्पन्न’ नव्हे, दुसरी पाळी आहे!

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यातले देवराज मार्केट तिकडे गेलेल्या प्रत्येक रेल्वे-टपाल कामगाराने पाहिलेले असते. तेथे विकली जाणारी म्हैसूर मल्लिगेची फुले, म्हैसूरचे विड्याचे पान आणि नंजनगूडचे केळे या तिघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन मालाला मिळाले. तो पिकवणाऱ्या हातांना काय मिळाले? गजऱ्याची कळी उमलण्याआधी खुडावी लागते, उमलली की भाव उतरतो. उन्हाळ्यात तर उन्हे चढायच्या आत खुडणी, पाणी, जनावरे सगळे उरकावे लागते. आपण सकाळी गजरा विकत घेतो तेव्हा त्या शेतकऱ्याच्या घराची अर्धी पाळी संपलेली असते.

अशाच घरांतून आपला एक बांधव येतो, ग्रामीण डाक सेवक. म्हैसूरकडचे खेडे असो की सातारा-सोलापूरकडचे, त्याला नियम एकच. काम दिवसाला जास्तीत जास्त पाच तास. आणि अट अशी की, सरकार देईल त्या भत्त्याशिवाय स्वतःच्या व कुटुंबाच्या उदरनिर्वाहाचे दुसरे साधन त्याच्याकडे असलेच पाहिजे. हे दुसरे साधन म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन-तीन एकर शेती. सरकारचे म्हणणे सरळ आहे : याला घरची शेती आहे, मग पूर्ण पगार कशाला?

आमचा सवाल आहे : साहेबांनी ही शेती वैशाखात कधी पाहिली आहे काय?

कोरडवाहू शेतीला उन्हाळ्यात सुट्टी नसते. पहाटे चारला उठून शेणघाण, धारा, वैरण. उजाडण्यापूर्वी बैल जुंपून कुळवाच्या पाळ्या, कारण दहानंतर जनावर उन्हात उभे राहत नाही. मग धसकटे वेचणे, ढेकळे फोडणे, उकिरड्यातले शेणखत गाडीने शेतात नेऊन पसरणे, पावसाने फुटलेले बांध घालणे. विहीर आटली की गाळ काढायचा. बागायताचा तुकडा असेल तर अनेक गावांत वीज रात्रीची, म्हणजे बॅटरी घेऊन दारे धरायला रात्रीच जायचे. रोहिणी निघण्याच्या आत रान तयार नसेल तर पेरणी हुकली आणि पेरणी हुकली की वर्ष हुकले.

आता याच दिवसात टपालाचे चार-पाच तास बसवा. उन्हे चढायच्या आत शेत उरकावे तर टपालाची वेळ चुकते. टपाल उरकावे तर शेत उन्हात सापडते. पिशवी घेऊन वाडीवस्त्यांवर जायचे ते भर उन्हात. टपाल आता केवळ पत्रांचे राहिलेले नाही. बचत खाते, विमा, सुकन्या समृद्धी आणि 2018पासून पोस्ट पेमेंट्स बँक, सारे त्याच एका माणसाच्या हातून होते. नोंदीत तास चार, आणि कामाची यादी वर्षागणिक लांब!

आणि उत्पन्न? उन्हाळ्यात शेतीतून पैसा येत नाही, पैसा जातो. बियाणे, खत, औताची दुरुस्ती, विकतचा कडबा. ज्याला सरकार ‘दुसरे साधन’ म्हणते ते मे महिन्यात डाक सेवकाच्या तुटपुंज्या भत्त्यातूनच पोसले जाते! उलट तो टपालाची पिशवी घेऊन गेला की शेतातले त्याचे काम कोण ओढते? घरची बाई. पाणी तिने आणायचे, गोवऱ्या तिने थापायच्या, कुरडया-पापडांची वाळवणे तिने घालायची, बियाणे तिनेच निवडायचे आणि त्यावर कुळवामागे धसकटेही तिनेच वेचायची. केंद्र सरकारच्याच 2019च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटे निघाला, पुरुषांचा 97 मिनिटे. म्हणजे खेड्यातले टपाल खाते एका भत्त्यात दोन माणसे राबवते आणि दुसरीचे नावही हजेरीपटावर नाही.

पूर्वी यांना ‘ई.डी.’ म्हणत, खात्याबाहेरचे. ते मुलकी पदधारक आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1977मध्ये राजम्मा खटल्यात दिला. तरीही वेतन आयोगाच्या वेळी त्यांच्यासाठी वेगळी समिती नेमण्याची रीत कायम राहिली. कमलेश चंद्र समितीचा अहवाल 2016मध्ये आला आणि धूळ खात पडला. अखेर 22 मे 2018 रोजी संप झाला. तारीख पाहा! रोहिणीला तीन दिवस उरलेले, शेतात कामाचा डोंगर आणि त्यात संप. सोळा दिवस नेट धरल्यावर 6 जूनला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. किमान भत्ता चार तासांना 10,000 आणि पाच तासांना 12,000 रुपये, शाखा पोस्टमास्तरांना 12,000 आणि 14,500 झाला. हे दान नव्हे, ही लढ्याची कमाई आहे. पण ‘दुसऱ्या साधना’ची अट तशीच राहिली.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपण कायम नोकरीतले लोक मे महिन्यात पासावर गावी जातो, आंबे खातो, ओसरीवर पडतो आणि परत येऊन म्हणतो, “गावाकडे मजा आहे बुवा, ताण नाही!” बंधूंनो, ज्या ओसरीवर आपण पडलो ती पहाटे सारवली कोणी? रुळावर उन्हाळी गस्त घालणाऱ्या ट्रॅकमनला हे सांगावे लागत नाही. ऊन म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे. 1974च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला तेव्हा क्वार्टर्समधून बाहेर काढलेल्या कुटुंबांनी कोणाच्या दारी आसरा घेतला, हेही घरातल्या जुन्या माणसांना विचारा.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ‘दुसऱ्या साधना’ची अट रद्द करा. टपालाची सर्व कामे मोजून पूर्ण दिवसाची नोकरी आणि नियमित निवृत्तिवेतन द्या. ज्याला शेती करायची तो शेती करील. पण सरकारने त्याच्या शेतीवर आपला पगार वाचवू नये.

प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत हा ठराव घ्यावा आणि सभेला आपल्या भागातील डाक सेवकांना बोलवावे. वेळ मात्र त्यांना विचारून ठरवा. पहाटे त्यांना सवड नसते.

कामगार एकजूट झिंदाबाद!