सही झाली, पण शिकलं कोण?

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्यानिमित्त आमच्या भागातल्या एका काजू कारखान्यात मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. गेले तर पडद्यावर हिंदी फिल्म चालू. उंच इमारत, क्रेन, हेल्मेट घातलेले पुरुष. आणि बघायला कोण, तर बी फोडणाऱ्या नि सोलणाऱ्या चाळीसेक बायका! फिल्म संपली, वहीत सह्या झाल्या, चहा-वडा झाला. झालं प्रशिक्षण!

मी सहज विचारलं, "भिंतीवरचं ते लाल सिलिंडर कुणाला चालवता येतं?" एकही हात वर नाही. शेजारच्या मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, या तासात किलोभर गर सोलून झाले असते माझे." किलोवर मजुरी, म्हणजे शिकायचा तास बिनपगारीच की! मग त्यांचं लक्ष कसं लागणार?

फिल्म वाईट असते असं नाही. मोठी आग कशी पसरते, ते फिल्ममध्येच दाखवता येतं. पण काजूच्या टरफलातलं तेल हात भाजून काढतं, आणि हातमोजे घातले की वेग कमी होतो म्हणून ते खुंटीवरच राहतात, हे त्या फिल्मला कुठून कळणार? ते कामाच्या जागीच बोलावं लागतं, आपल्या भाषेत.

मालकांना मी तेच सांगितलं. आठ-दहा जणींचा गट करा, अर्धा तास द्या, कामाच्या वेळेत आणि मजुरी न कापता. तसंही पुन्हा भरायला द्यायचं एक सिलिंडर होतंच. अंगणात थोडा पालापाचोळा पेटवला. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे नाही, बुडाशी धरायची, दांडी दाबून नळी आडवी फिरवायची. मावशींनी पदर खोचला आणि आग विझवली. चेहरा काय खुलला होता त्यांचा!

भोपाळची दुर्घटना १९८४ ची. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. हक्क आहे तो, मालकाची मेहेरबानी नव्हे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी वही समोर आली, तर सही करण्याआधी एवढंच म्हणा, "आधी मला करून बघू द्या."