निवृत्तीनंतर बघू!

आमच्या आयटीत हल्ली एक नवा संप्रदाय निघालाय: चाळिशीत निवृत्त व्हायचं, तोवर कटिंग चहासुद्धा चैन! एक्सेलमध्ये १२ टक्के परतावा टाकला की कोटी दिसतात. अहो, महागाई ६ टक्के धरा, ३० वर्षांनी त्या १ कोटीची किंमत आजचे साडेसतरा लाखसुद्धा नाही!

मग बचत नकोच? छे! पीएफ, विमा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवाच. हप्त्यांवर महागडे फोन घेणं म्हणजे काही जगणं नव्हे. पण पीपीएफचे पैसे १५ वर्षांनी व्याजासकट परत मिळतात, गुडघे मिळत नाहीत. हरिश्चंद्रगड आत्ताच चढायचा असतो. आईबाबांना काशीला न्यायचं तेही त्यांना चालवतंय तोवरच. तुमच्या एक्सेलमध्ये हा रकाना कुठाय?