रस्त्याकडेचे डबके की तळे?

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढू लागतात. थंडी वाजून ताप आला असेल तर आम्ही रक्त तपासायला सांगतो आणि घराजवळ कुठे पाणी साचले आहे का, हेही विचारतो. अलीकडे उत्तर ठरलेले असते : "डॉक्टर, रस्ता रुंद केला ना, तिथल्या खड्ड्यात साचलंय."

भरावासाठी मुरूम काढला, काम संपले, यंत्रे निघून गेली आणि खड्डा तसाच राहिला. मागे असाच एक खड्डा बुजवा म्हणून गावकऱ्यांनी अर्ज केला, त्यावर मीही सही केली होती. आज तो अर्ज मी वेगळ्या शब्दांत लिहिला असता.

हा प्रश्न नवा नाही. रस्ते आणि रेल्वेचे भराव पाण्याची नैसर्गिक वाट अडवतात आणि त्यातून हिवताप वाढतो, असे डॉ. बेंटली यांनी बंगालच्या अनुभवावरून १९२५ साली पुस्तक लिहून मांडले होते. शंभर वर्षे झाली, तरी आपले भराव आणि आपले खड्डे तसेच आहेत.

मग साचलेले पाणी म्हणजे रोग, असे समजायचे का? नाही. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी आटले तर अळ्या मरतात. उलट पाणी बारमाही किंवा निदान सहा-आठ महिने टिकले, तर तिथे अळ्या खाणारे जीव वस्तीला येतात : चतुर आणि टाचणीची पाण्यात वाढणारी पिल्ले, पाणकिडे, ओढ्यातले लहान देशी मासे. धोका आहे तो मधल्या अवस्थेत. पंधरा-वीस दिवस पाणी राहते, आटते, पुन्हा भरते. डास लगेच येऊन अंडी घालतो, पण त्याच्या शत्रूंना जम बसवायला वेळच मिळत नाही. रस्त्याकडेचा खड्डा नेमका असा असतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. जो खड्डा आठवड्यात कोरडा होऊ शकतो, त्याला उतार देऊन कोरडा करा. जो होऊ शकत नाही, त्याचे जिवंत तळे करा. अर्धवट मात्र काही ठेवू नका.

जिवंत तळे म्हणजे काय? पहिली गोष्ट काठाची. सरळ तुटलेल्या काठावर पाणवनस्पती रुजत नाहीत आणि पाय घसरून पडलेले मूल वर चढू शकत नाही. एक हात चढायला तीन हात किंवा त्याहून जास्त आडवे अंतर, असा मंद उतार हवा. दुसरी गोष्ट खोलीची. सगळे तळे एकसारखे खोल नको. काठाला गुडघाभर पाण्याचा रुंद पट्टा हवा, तिथे लव्हाळे आणि पाणकणीस वाढेल, बेडूक अंडी घालतील. मध्ये पुरुषभर खोल डोह हवा, म्हणजे उन्हाळ्यात मासे तग धरतील. तिसरी गोष्ट वनस्पतींची. जलपर्णी दिसताच काढावी. तिच्या दाट गालिच्याखाली पाणी कुजते, आणि काही डासांच्या अळ्या तर अशा तरंगत्या झाडांच्या मुळांना चिकटूनच श्वास घेतात. पाणकणीसही फार दाटले की दरवर्षी निम्मे कापावे, सगळे नको.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : रस्त्यावरचे पाणी थेट तळ्यात घेऊ नये. त्यात तेल, ब्रेकची धातूची धूळ आणि झिजलेल्या टायरांची भुकटी असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की शहराजवळच्या ओढ्यांत कोहो सामन मासे मरत. टायरमधील एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ त्यांना मारतो, हे २०२० साली उघड झाले. त्याआधी २०१५ साली तिथल्याच प्रयोगात रस्त्याचे पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळल्यावर मासे जगले होते. तेव्हा आधी गाळ बसण्यासाठी एक लहान खड्डा, मग गवत व वाळूचा पट्टा आणि शेवटी तळे, असा क्रम हवा. पहिल्या खड्ड्यातला गाळ दर उन्हाळ्यात उपसावा लागेल. इतके करूनही हे पाणी पिण्यासाठी किंवा भांडी घासण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.

इथे गप्पी माशांविषयी सांगितले पाहिजे. बंद हौदात, वापरात नसलेल्या टाकीत ते उपयोगी आहेत. पण ओढ्याला जोडलेल्या तळ्यात ते सोडू नयेत, गंबुशिया तर मुळीच नाही. १९२८ साली परदेशातून भारतात आणलेला हा मासा डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्ले आणि देशी माशांची अंडीही खातो. पहारेकरीच मारले तर पहारा कोण करणार?

तळ्याच्या नावाने डेंग्यूचीही ओरड होते. डेंग्यूचा डास बहुधा घरातल्या पिंपात, कूलरमध्ये, गच्चीवरच्या डब्यात आणि पंक्चरच्या दुकानाबाहेर पडलेल्या टायरांत वाढतो. आठवड्याचा कोरडा दिवस पाळायचा तो आपल्या घरातच.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. माती तर रस्त्याला लागणारच आहे. 'बुलडाणा पॅटर्न'मध्ये तळी आणि नाले खोल करून निघालेली माती महामार्गाच्या भरावाला वापरली गेली. २०२२ साली सुरू झालेल्या अमृत सरोवर योजनेतही जिल्ह्यागणिक ७५ तळी आणि प्रत्येकी एक एकर क्षेत्र असे उद्दिष्ट ठरले. खोदकामाचा पैसा असतोच. कमी पडतो तो विचार : काठ कसा कापायचा, पाणी कुठून आत घ्यायचे. खोदणारे यंत्र जागेवर असतानाच हे करायचे असते. ते निघून गेले की पुन्हा येत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या शिवारातून मुरूम काढण्याचा विषय ग्रामसभेत आला, तर फक्त रॉयल्टीचे विचारू नका. काम संपल्यावर खड्ड्याचा उतार किती राहील, पाणी किती महिने राहील आणि गाळ कोण काढील, हेही विचारा आणि लिहून घ्या. त्या अर्जावर मी आनंदाने सही करीन.