बंद झालेले माहेर

राजगडाचा पाली दरवाजा ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, ते पाली गडाच्या पायथ्याशी आहे. सईबाईंना दूध नव्हते म्हणून बाळ संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊंनी पाजले. सईबाई १६५९ साली याच गडावर वारल्या. बाळंतिणीला दुसऱ्या बाईचा आधार लागतो आणि तो राजघराण्यालाही लागला, एवढाच बोध आम्ही यातून घेतो.

गरिबाघरी तो आधार माहेर देते. डोहाळजेवण, पहिले बाळंतपण आईकडे, यांना रूढी म्हणून नाके मुरडण्याची आम्हां पुरोगाम्यांना सवय आहे. वास्तविक ती समाजाने स्वतःच्या खर्चाने चालविलेली मानसिक आरोग्यसेवाच होय. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ही सेवा बंद पडली. सासर पुणे जिल्ह्यात आणि माहेर घाटाखाली रायगडात किंवा नीरेपलीकडे साताऱ्यात, अशा मुलीसाठी जिल्ह्याची सरहद्द एकाएकी परराज्याची झाली. प्रवासाच्या पासाचे बंधन उठले ते सप्टेंबरात. दुखणे, मृत्यू ही कारणे अर्जात चालत. ‘जीव घाबरतो, आईजवळ जायचे आहे’ हे कारण कोणत्या रकान्यात लिहायचे? नवऱ्याची शहरातील मजुरी बुडालेली, दवाखान्याची धास्ती, आणि दिवस तर भरत आलेले.

अशा वेळी दारात येणारी एकच बाई होती, आशा सेविका. तिच्या माथी कोरोनाचे सर्वेक्षण मारले गेले, मोबदला महिना हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांना संप करावा लागला, तो उगाच नव्हे. तिचे काम नगावर मोजले जाते. गरोदर बाईजवळ अर्धा तास बसून तिचे ऐकून घेण्याला त्या दरपत्रकात दर नाही. म्हणून शासनाच्या लेखी ते कामच नाही.

मानसिक उपचाराचा हक्क २०१७ च्या कायद्याने सर्वांना दिला आहे. पण आपल्याही मागणीपत्रकांत तेव्हा रेशन होते, स्थलांतरित मजूर होते, आणि ते योग्यच होते; या बाईची झोप उडाली आहे, हे कोणी लिहिले नाही. आमच्याही लेखणीला ते सुचले नाही.

भोर-वेल्ह्यातील साथींनी प्राथमिक आरोग्य केंद्रात आता हे विचारावे: वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्याबरोबर झोप, भीती, रडू यांची विचारपूस कोण करणार, आणि त्या बाईला त्याचे वेतन किती मिळणार?